वेड्यांच्या इस्पितळातून पुन्हा नोकरीवर : क्लिफर्ड बीअर्स यांची गोष्ट

दरवर्षी १० ऑक्टोबर आला की जागतिक मानसिक आरोग्य दिनाचे फलक लागतात. सरकारी दवाखान्यात शिबिर होतं, कॉलेजात व्याख्यान होतं, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते. २०१७ आणि २०२४ या दोन वर्षी या दिनाचा विषय होता कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य. हा दिन १९९२ मध्ये सुरू केला तो वर्ल्ड फेडरेशन फॉर मेंटल हेल्थ या संस्थेनं. संस्था १९४८ साली लंडनमध्ये स्थापन झाली आणि तिच्या आधी हेच काम करणारी एक आंतरराष्ट्रीय समिती होती. ती समिती उभी करणारा माणूस ना डॉक्टर होता, ना श्रीमंत देणगीदार, ना पुढारी. तो आधी करवसुली कचेरीत आणि मग विमा कंपनीत कारकून होता. ऐन पंचविशीतली तीन वर्षं त्यानं वेड्यांच्या इस्पितळांत काढली होती.

क्लिफर्ड बीअर्स त्यांचं नाव. आजाराविषयी त्यांनी लिहिलेलं पुस्तक जगभर गाजलं. त्यांच्या छळाची आणि सुटकेची कहाणी अनेकांनी सांगितली आहे. पण त्यांच्या आयुष्यातला एक धागा मागे पडतो, तो नोकरीचा. इस्पितळातून सुटलेल्या माणसाला कोणीतरी कामावर घेतलं, तो पुन्हा आजारी पडला तेव्हा त्याची जागा राखली, आणि म्हणून पुढचं सगळं घडलं.

न्यू हेवनचा मुलगा

बीअर्स यांचा जन्म ३० मार्च १८७६ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडं पाच. गावातच येल विद्यापीठ. तिथल्या शेफिल्ड सायंटिफिक स्कूलमध्ये ते शिकले आणि १८९७ साली पदवीधर झाले. बोलका, हिशेबी, चारचौघांत मिसळणारा मुलगा. व्यापारधंद्यात नाव काढायचं हे त्यांचं साधं स्वप्न होतं.

पण कॉलेजात असतानाच घरात एक आजार शिरला होता. १८९४ साली एका थोरल्या भावाला झटके येऊ लागले. त्या काळी अपस्मारावर खात्रीचा इलाज नव्हता. भावाची शुश्रूषा करताना क्लिफर्ड यांच्या मनानं घेतलं की आज याला झालं, उद्या आपल्यालाही होणार. ही भीती त्यांनी कोणाला सांगितली नाही. वर्गात प्रश्न विचारला की घाम फुटायचा, पण चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाहीत.

पदवी मिळाल्यावर ते न्यू हेवनच्या करवसुली कचेरीत कारकून झाले. वर्षभरात न्यूयॉर्कला गेले आणि वॉल स्ट्रीट भागातल्या एका विमा कंपनीत लागले. दिवसभर आकडे, पावत्या, खतावण्या. काम जमत होतं. १८९९ मध्ये फ्लूसारख्या तापानं त्यांना गाठलं आणि त्यानंतर तब्येत पूर्ववत झालीच नाही. आकडे डोळ्यांपुढे नाचू लागले, झोप उडाली. जून १९०० मध्ये काम सोडून ते घरी परतले. त्याच महिन्यात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. जीव वाचला, दोन्ही पायांची हाडं मोडली. थोड्याच दिवसांत आजारी भाऊही वारला.

आज डॉक्टर सांगतात की नोकरी सुटण्याआधी माणूस बरेच महिने खूण दाखवत असतो. हिशेब चुकायला लागतो, माणूस डबा एकटा खातो, रजा वाढतात. बीअर्स यांच्या बाबतीत हे सगळं एका कचेरीत, सहकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. पण विचारायची पद्धत नव्हती आणि सांगायची सोय नव्हती.

७९८ दिवस

पुढची तीन वर्षं इस्पितळांची. आधी जखमांसाठी साधा दवाखाना, मग स्टॅमफर्डचं खासगी मनोरुग्णालय, मग काही काळ एका घरात परिचारकाच्या देखरेखीखाली, मग हार्टफर्ड रिट्रीट, आणि शेवटी मिडलटाउनचं सरकारी इस्पितळ. पैसे संपत गेले तशी इस्पितळाची पायरी खाली येत गेली. आजही अनेक घरांत हाच क्रम असतो.

पहिली दोनेक वर्षं खोल नैराश्याची होती. त्यांना वाटायचं की आपण गुन्हेगार आहोत, पोलिसांचे हेर सगळीकडे आहेत, भेटायला येणारे आईवडील आणि भाऊ खरे नाहीत, त्यांच्या वेशात हेर आलेत. बोलणं जवळपास बंद झालं. हा काळ त्यांनी स्वतःच नंतर मोजला, तो ७९८ दिवसांचा भरला.

कोंडी फुटली ती एका पत्रामुळे. हार्टफर्डला एका सहरुग्णाशी त्यांची मैत्री झाली होती. त्याच्या मदतीनं त्यांनी थोरला भाऊ जॉर्ज यांना गुपचूप पत्र धाडलं आणि पुढच्या भेटीला येताना तेच पत्र बरोबर आणायला सांगितलं. त्यांचा तर्क असा की भाऊ खरा असेल तरच पत्र त्याच्या हाती पडेल. ३० ऑगस्ट १९०२ रोजी जॉर्ज आले आणि त्यांनी खिशातून ते पत्र काढून दाखवलं. एका क्षणात संशयाची सगळी इमारत कोसळली.

पण बरं वाटणं तिथं थांबलं नाही. नैराश्याची जागा उन्मादानं घेतली. आता त्यांना झोप नको, थांबणं नको. कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवर ते लिहीत सुटले. जगभरातल्या वेड्यांच्या इस्पितळांची सुधारणा आपण करणार, असं ते सांगू लागले. ऐकणाऱ्यांना तेही वेडच वाटलं. हिंसक रुग्णांच्या वॉर्डात काय चालतं ते बघायचं म्हणून ते मुद्दाम तिथं जाण्यासारखे वागले. तिथं त्यांना मारहाण झाली, हातपाय बांधणाऱ्या अंगरख्यात रात्रीच्या रात्री अडकवून ठेवलं गेलं, थंडीत उघड्या कोठडीत ठेवलं गेलं. परिचारक अपुरे, शिकवण नसलेले, कमी पगाराचे. काहीजण मायाळूही होते, हेही बीअर्स यांनी नोंदवून ठेवलं. मिडलटाउनच्या वॉर्डातून त्यांनी थेट राज्याच्या गव्हर्नरला लांबलचक तक्रारपत्र लिहिलं आणि ते पोचवलंही.

सप्टेंबर १९०३ मध्ये ते घरी आले. वय सत्तावीस.

सुटका झाली, पुढे काय?

इथून खरी परीक्षा सुरू होते. इस्पितळाचा दरवाजा उघडला म्हणजे माणूस बरा झाला असं घरचे समजतात. बाहेरच्या जगाला मात्र तो माणूस तेव्हाच नव्यानं कळायला लागतो. तीन वर्षं कुठं होतास, हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत येतो. खरं सांगितलं तर काम मिळत नाही. खोटं सांगितलं तर ते उघडं पडायच्या भीतीनं झोप जाते आणि झोप गेली की आजार परततो.

हा प्रश्न त्या काळीही काही जणांना दिसला होता. इंग्लंडमध्ये कोल्नी हॅच इथल्या इस्पितळाचे पाद्री हेन्री हॉकिन्स यांच्या पुढाकारानं १८७९ साली बऱ्या झालेल्या रुग्णांना आसरा आणि काम मिळवून देणारी संस्था सुरू झाली होती. न्यूयॉर्कमध्ये अशी समिती १९०६ साली लुइसा ली स्कायलर यांच्या पुढाकारानं आली. पण बीअर्स १९०३ मध्ये बाहेर पडले तेव्हा त्यांच्या हाताशी असं काही नव्हतं. जवळ होती येलची पदवी, भावाचा आधार आणि बोलण्याचं कसब.

न्यूयॉर्कच्या हॉग्सन ब्रदर्स या इमारती बांधणाऱ्या कंपनीत त्यांना काम मिळालं. कंपनीचा मोठा व्यवहार बँकांशी होता. बँकेची नवी इमारत, आतली सजावट, सामान, सगळं एकहाती करून देण्याचा तो धंदा. गावोगाव फिरायचं, बँकांच्या संचालकांना भेटायचं, काम मिळवायचं, ही बीअर्स यांची जबाबदारी. कालपर्यंत ज्याच्या शब्दावर वॉर्डातला परिचारक विश्वास ठेवत नव्हता, त्याच्या शब्दावर आता बँकांचे संचालक मोठमोठे व्यवहार करत होते.

त्यांचा पूर्वेतिहास मालकांपासून लपलेला नव्हता. मालकांनी यावर जी भूमिका घेतली ती बीअर्स यांनी आपल्या पुस्तकात मुद्दाम नोंदवली आहे. आशय असा होता: नोकर आजारी म्हणजे आजारी. तो साध्या इस्पितळात गेला की मनोरुग्णालयात, यानं मालकाला फरक पडत नाही. कधीही उपचाराची किंवा विश्रांतीची गरज वाटली तर हवी तिथं, हवी तेव्हा जा आणि बरं वाटलं की परत कामावर या.

एवढंच. पगारवाढ नाही, दया नाही, सत्कार नाही. एका मालकानं एका नोकराला सांगितलेला रजेचा नियम, असंच त्याचं स्वरूप होतं. पण डोक्यावरची टांगती तलवार त्यानं काढून घेतली.

जानेवारी १९०५

आजारानं बीअर्स यांची पाठ सोडली नव्हती. १९०५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या येल क्लबमध्ये बसून ते इस्पितळ सुधारणेच्या योजना लिहू लागले. लिहिता लिहिता गती वाढली, उत्साह हाताबाहेर जाऊ लागला. जॉर्ज यांना धोका दिसला. त्यांनी भावाशी स्पष्ट बोलणं केलं.

पाच वर्षांपूर्वी असं कोणी बोललं असतं तर क्लिफर्ड यांनी त्याला हेर ठरवलं असतं. या वेळी ते स्वतःच्या पायांनी हार्टफर्ड रिट्रीटमध्ये गेले, जिथं पूर्वी त्यांना जबरदस्तीनं ठेवलं होतं. स्वतः दाखल झाले, साधारण महिनाभर राहिले, शांत झाले आणि बाहेर आले. मग पुन्हा कंपनीच्या कामावर रुजू झाले, पुन्हा गावोगावच्या फेऱ्या सुरू.

या महिन्याकडे नीट पाहायला हवं. पहिल्या वेळी आजार लपवला गेला, तेव्हा तीन वर्षं गेली. दुसऱ्या वेळी आजार वेळेत ओळखला गेला, रजा मागायची लाज नव्हती, नोकरी जाईल ही धास्ती नव्हती, तेव्हा महिन्याभरात भागलं. दोन्ही वेळचा आजार अगदी सारखा होता असं म्हणता येणार नाही. पण माणसाला वेळेवर इस्पितळात जायचं धैर्य येण्यासाठी मागे जागा राखलेली असावी लागते, हे या महिन्यानं दाखवलं.

मालकाच्या बाजूनं हिशेब मांडला तरी तो तोट्याचा नव्हता. बँकवाल्यांशी ओळखी जुळलेला, कामाची नस ठाऊक असलेला माणूस घालवायचा, नवा शोधायचा, त्याला शिकवायचा, तो टिकेल का याची वाट बघायची, यात जो वेळ आणि पैसा जातो त्यापेक्षा महिन्याची रजा स्वस्त पडते. तापानं आजारी पडलेल्या मुनिमाबाबत हा हिशेब प्रत्येक व्यापाऱ्याला समजतो. मनाच्या आजाराला मात्र तो लावायचं कोणाला सुचत नाही.

पुस्तक आणि संस्था

नोकरी सांभाळून, फिरतीवर असताना, बीअर्स यांनी आपली हकीकत लिहून काढली. पुस्तक छापण्याआधी ते त्यांनी जाणत्या लोकांना दाखवलं. त्यात हार्वर्डचे नामवंत मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स होते. जेम्स यांना ते इतकं पटलं की प्रस्तावनेऐवजी त्यांचं पत्रच पुस्तकात छापलं गेलं. मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ मायर यांनीही पाठबळ दिलं. मायर यांनीच या कामाला मेंटल हायजीन, म्हणजे मनाचं आरोग्य राखणं, हे नाव सुचवलं. मार्च १९०८ मध्ये पुस्तक बाहेर आलं. मराठीत त्याचं नाव सांगायचं तर स्वतःचा शोध लागलेलं मन, असं सांगता येईल.

त्या काळी वेडेपणातून बाहेर आलेला माणूस सहसा गाव बदलायचा, गप्प राहायचा. बीअर्स यांनी स्वतःचं नाव घालून, कुठं काय झालं ते सगळं छापलं. सूडबुद्धीनं मात्र लिहिलं नाही. इस्पितळांना शिव्या देऊन ती सुधारणार नाहीत, डॉक्टरांना सोबत घ्यावं लागेल, हा त्यांचा धंदेवाईक शहाणपणा होता.

पुस्तकानंतर दोन महिन्यांत, मे १९०८ मध्ये, न्यू हेवनला कनेक्टिकट राज्याची मानसिक आरोग्य संस्था निघाली. तिच्या कामात इस्पितळातून सुटलेल्यांची विचारपूस करणं, घरी जाऊन भेटणं, त्यांना पुन्हा उभं राहायला मदत करणं हेही होतं. फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्कला राष्ट्रीय समितीची स्थापना झाली. बीअर्स तिचे सचिव झाले.

समिती झाली, पण तिजोरी रिकामी. पहिली काही वर्षं त्यांनी उसनवारीवर काढली. ओळखीच्या लोकांकडून पैसे घ्यायचे, ते समितीच्या कामात घालायचे, कर्जाची वही वाढत जायची. विल्यम जेम्स यांनीही पदरचे पैसे दिले. मायर यांना ही घाई पसंत नव्हती. आधी एका राज्यात नीट काम करून दाखवावं, मग देशभर जावं, असं त्यांचं मत. बीअर्स यांना थांबणं जमणारं नव्हतं. दोघांत बेबनाव झाला आणि मायर दूर झाले. शेवटी पोलादाच्या धंद्यात अमाप पैसा मिळवलेले हेन्री फिप्स यांनी पन्नास हजार डॉलरची देणगी दिली आणि १९१२ पासून समितीचं काम रुळावर आलं. डॉक्टर थॉमस सॅमन यांनी वैद्यकीय बाजू हाती घेतली. राज्याराज्यांतल्या इस्पितळांची पाहणी झाली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या मनोविकारांवरच्या उपचारांची व्यवस्था सॅमन यांनीच लावली.

१९१२ मध्येच बीअर्स यांचं लग्न क्लारा जेप्सन यांच्याशी झालं. घराण्यातला आजार पाहून मूल होऊ द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं. १९१३ मध्ये न्यू हेवनला त्यांनी इस्पितळात दाखल न होता उपचार घेता येतील असं केंद्र सुरू केलं. अमेरिकेतल्या अशा अगदी पहिल्या केंद्रांपैकी ते एक. त्यांच्या नावानं ते आजही चालतं. नोकरदार माणसासाठी ही सोय मोलाची. सकाळी डॉक्टरांना भेटून दुपारी कामावर जाता येतं.

तीस वर्षं एकाच खुर्चीत

बीअर्स १९०९ पासून १९३९ पर्यंत समितीचे सचिव राहिले. तीस वर्षं. ज्याला जगानं कायमचा बिनकामाचा ठरवला असता त्यानं तीस वर्षं एक पद सांभाळलं, देणग्या गोळा केल्या, माणसं जोडली, परदेशांत शाखा काढल्या. १९२२ मध्ये येल विद्यापीठानं त्यांना मानाची पदवी दिली. १९३० च्या मे महिन्यात वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय मानसिक आरोग्य परिषद भरली. अनेक देशांतून लोक आले.

हे सगळं खरं असलं तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. जसजशी चळवळ मोठी झाली तसतसं तिचं लक्ष लहान मुलांकडे, शाळांकडे, आजार होऊच नये याकडे वळलं. ते काम महत्त्वाचं होतंच. पण इस्पितळाच्या वॉर्डात वर्षानुवर्षं पडलेले आणि सुटून आलेले, त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न मागे पडला. पुस्तकात बीअर्स यांनी मालकाचे जे शब्द नोंदवले त्यांवरून देशभरच्या कंपन्यांसाठी नियम करून घ्यावा, एवढी मजल त्यांच्या समितीनं मारली नाही.

अखेरची वर्षं कठीण गेली. पाचही भावंडांना मनाच्या आजारानं गाठलं होतं. ज्या जॉर्ज यांनी खिशातून पत्र काढून भावाला परत आणलं, तेही या आजारातून सुटले नाहीत. १९३९ मध्ये क्लिफर्ड स्वतःहून प्रॉव्हिडन्स शहरातल्या बटलर इस्पितळात दाखल झाले. ९ जुलै १९४३ रोजी तिथंच, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

काहीजण या शेवटाकडे बोट दाखवून म्हणतील, बघा, शेवटी तिथंच गेले. पण मधुमेह असलेला माणूस तीस वर्षं नोकरी करून म्हातारपणी दवाखान्यात गेला तर त्याची नोकरी फुकट गेली असं कोणी म्हणत नाही.

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या इस्पितळांतून रुग्णांना बांधायच्या जुन्या साखळ्या आणि बेड्या गोळा करण्यात आल्या. बाल्टिमोरच्या ओतशाळेत त्या वितळवून तीनशे पौंडांची घंटा ओतली गेली. बीअर्स यांच्या समितीतून पुढे वाढलेल्या संघटनेचं ती आजही चिन्ह आहे.

काम आधी, की बरं होणं आधी?

नोकरीचा मागे पडलेला धागा दुसऱ्यांनी उचलला. न्यूयॉर्क राज्यातल्या एका सरकारी इस्पितळातून बाहेर पडलेल्या काही रुग्णांनी एकमेकांना धरून राहायचं ठरवलं. त्यातून १९४८ मध्ये फाउंटन हाउस ही संस्था उभी राहिली. तिथल्या लोकांना रुग्ण म्हणत नाहीत, सभासद म्हणतात. पुढे त्यांनी कंपन्यांशी एक साधा करार सुरू केला. सभासदाला थोड्या महिन्यांसाठी खरी, पगारी नोकरी द्यायची. एखाद्या दिवशी त्याला जमलं नाही तर संस्थेचा माणूस जाऊन ते काम करेल, कंपनीचं काम अडणार नाही. मालकाची मोठी अडचण हजेरीची असते. ती त्यांनी अशी सोडवली.

१९९० च्या दशकात अमेरिकेतच न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी आणखी एक पद्धत बसवली. तोवर रिवाज असा होता की आधी माणूस पूर्ण बरा होऊ दे, मेणबत्त्या, पाकिटं, टोपल्या करायला शिकू दे, मग नोकरीचं बघू. ते मग कधी येतच नसे. या दोघांनी क्रम उलटा केला. माणसाला काम करायचं आहे ना, मग त्याच्या आवडीची खरी नोकरी लवकर शोधा, आणि नोकरी लागल्यावर सोडून जाऊ नका. उपचार करणारे आणि नोकरी शोधून देणारे एकत्र बसा, मालकाशी बोला, गरज आहे तोवर पाठीशी राहा. पुष्कळ देशांत ही पद्धत तपासली गेली आणि जुन्या रिवाजापेक्षा तिनं जास्त लोकांना कामाला लावलं.

टिकण्यासाठी लागतं तेही फार खर्चाचं नसतं. रात्रीच्या गोळ्यांनी सकाळी गुंगी असते, म्हणून पाळी उशिरा सुरू करणं. डॉक्टरांच्या तारखेला अर्धा दिवस सुटी. काम तोंडी सांगण्याऐवजी लिहून देणं. दहाजणांच्या ऐवजी एकाच वरिष्ठानं सूचना देणं. रजेवरून परतल्यावर पहिला आठवडा थोडे तास. आणि कचेरीत टोपणनावं पडणार नाहीत याची काळजी.

आपल्याकडचा कायदा

हॉग्सन ब्रदर्सच्या मालकांनी जे एका माणसाला तोंडी सांगितलं, ते भारतात यायला शंभरहून जास्त वर्षं गेली. पण आता ते कायद्यात आहे, आणि बेळगाव असो, पणजी असो की ग्वाल्हेर, सगळीकडे सारखंच लागू आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. सरकारी नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ज्या गटासाठी आहे त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमतेबरोबर मानसिक आजारही येतो. सरकारी नोकराला सेवेत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढून टाकता येत नाही की खालच्या पदावर उतरवता येत नाही. त्या कामाला तो योग्य राहिला नाही तर त्याच पगाराचं दुसरं काम द्यावं लागतं. खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण जाहीर करणं बंधनकारक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीनं उपचार आणि विमा मिळायला हवा असं सांगितलं. पूर्वी कधी मनोरुग्णालयात होता एवढ्यावरून कोणालाही आज मनोरुग्ण ठरवता येत नाही, हेही त्यात आहे.

पण कायदा कचेरीच्या दारात थांबतो. धारवाड, येरवडा, ठाणे, रत्नागिरी, बांबोळी ही गावांची नावं आजही थट्टेत वापरली जातात. तिथून उपचार घेऊन आलेला मुलगा दुकानात, कारखान्यात, पतसंस्थेत काम मागायला जातो तेव्हा त्याच्याआधी त्याची बातमी पोचलेली असते. त्याला टिकवायचं की नाही हे बहुतेक वेळा कायदा नव्हे, समोर बसलेला मालक ठरवतो.

बीअर्स यांना असा मालक एकच भेटला. त्यांच्या पुस्तकात त्याचं बोलणं फार तर चार ओळींचं आहे. दुकान, कारखाना, शाळा, पेढी चालवणाऱ्या कोणालाही ते आपल्या माणसाशी बोलता येईल. आजारी आहेस, उपचार घे, जागा राखून ठेवतो.

(मानसिक त्रासात मदत हवी असल्यास केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.)